नळीवरचं नाणं

"दाखव की गं. पाव्हण्यांना दाखव एकदा," असं म्हणून ह्यांनी रिव्हॉल्वर माझ्यापुढे धरलं. माझ्या एका हातात रश्शाचं पातेलं होतं, दुसऱ्यात पळी.

मुक्ताच्या जावळाचं जेवण चाललं होतं. पुढच्या खोलीत पुरुषांची पंगत. म्हसवडचे ह्यांचे मावसभाऊ, क्रशरवरचे दोघे-तिघे, पोलीस ठाण्यातले लोखंडे हवालदार. मला वाढायचं होतं, मुक्ता आत रडत होती. पण ह्यांनी पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत सहाच्या सहा घरं रिकामी करून हत्यार माझ्या तळव्यावर ठेवलं.

"ओढ."

मी पदराला हात पुसला. भिंतीकडे नळी करून चापावर बोट ठेवलं आणि ओढलं. अर्ध्यापर्यंत आला, तिथं थांबला. माझा अख्खा हात थरथरायला लागला. दुसरं बोट लावलं तरी पुढे जाईना.

पंगत हसली. लोखंडे हवालदारांना तर ठसका लागला.

"बघा! आमच्या लायसन्सदार!" हे म्हणाले. "हत्यार बायकोच्या नावावर, नि चाप नवऱ्याच्या बोटात!"

हा विनोद पुढे त्यांनी वर्षभर केला. पाहुणा आला की केला. मी हसायचे. मला वाटायचं, माणूस हसतोय तोवर बरं आहे.

लायसन्स माझ्या नावावर असायचं कारण साधं होतं. तलाठ्याला मारहाण केल्याची ह्यांच्यावर केस होती, त्यामुळे धैर्यशील बाबर ह्या नावानं अर्ज गेला असता तर पहिल्याच टेबलावर फाटला असता. आमच्या भागात खडीच्या धंद्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला काहीतरी असतं आणि ह्यांच्या कमरेला काही नव्हतं, हे ह्यांना फार लागत होतं. मग मी होते. बी.एस्सी., कॉलेजात एनसीसी, नावावर एकही वाईट कागद नाही. "सही कर, बाकी मी बघतो," म्हणाले. मी सही केली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुम्हाला कशाला हवं? मी पढवल्याप्रमाणे सांगितलं, क्रशरवर एकटीला जावं लागतं.

हत्यार आलं ते ऐपतीतलं, सगळ्यात स्वस्तातलं. त्याचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा हातोडा, आत झाकलेला. अंगठ्यानं मागे ओढून ठेवायची सोयच नाही, म्हणजे दर गोळीला सगळं काम एकट्या चापानं करायचं. आणि चाप असा, की गंजलेल्या हापशाचा दांडा बरा.

खरं सांगायचं तर त्या जडपणाचा मला आधार वाटायचा. मुक्ता रांगायला लागली होती आणि घरातली प्रत्येक वस्तू मला तिच्या तोंडात किंवा हातात दिसायची. प्लगची भोकं मी चिकटपट्टीनं बंद केली होती. फिनेल माळ्यावर. दिवसातून चार वेळा कपाटाचं कुलूप ओढून बघायचे. जावळानंतर गोळ्याही वेगळ्या काढल्या, डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात, वरच्या फळीवर, आणि तो डबा कुठला हे फक्त मला माहीत. एवढं करूनही मनात यायचं, समजा, कधी, कुणी... तेव्हा तो चाप आठवायचा. माझ्यानं हलत नाही, तर तिच्या इवल्या बोटानं काय हलणार?

पण नावावर माझ्या होतं. ते मला स्वस्थ बसू देत नव्हतं.

लायसन्सच्या सर्टिफिकेटसाठी मला चार दिवस प्रशिक्षण घ्यावं लागलं होतं ते फडतरे काकांकडे. पलटणीतून रिटायर झालेले हवालदार, पांढऱ्याशुभ्र मिशा, एक कान बहिरा. तिथं सराव झाला तो त्यांच्याकडच्या जुन्या, हलक्या हत्यारावर. जावळानंतर आठवड्यानं मी मुक्ताला कडेवर घेऊन त्यांच्या घरी गेले.

"काका, माझ्यानं आमचा चाप ओढत नाही."

"ओढतीस कशाला?" काका म्हणाले. "ओढायची ती विहिरीची बादली. चाप दाबायचा. एकसारखा, सुरुवातीपास्नं शेवटापतूर. मध्ये थांबायचं न्हाई आणि घाईबी करायची न्हाई."

"हाताला ताकदच नाही. बाळंतपणानंतर मनगट दुखतं."

"लेकराची दुपटी कोण पिळतं?"

"मीच."

"मशीन हाय का?"

"आहे."

"वापरू नको. पिळ. उजव्या हातानं पिळ. आणि बोट टोकानं लावू नको, पहिल्या पेराच्या घडीत बसव." मग त्यांनी कोनाड्यातून झाडलेल्या गोळ्यांच्या सहा रिकाम्या पुंगळ्या काढून दिल्या, म्हणजे कोरड्या सरावात आतली सुई खराब होणार नाही. आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे नळीवर ठेवायचं, टोकापाशी. चाप दाबायचा. नाणं पडलं म्हंजे नळी हलली."

"पडलं तर काय होतं?"

"जड चाप जोरानं ओढला की नळी खाली मान घालती, सूनबाई. नेम असतोय डोक्यावर, गोळी जाती गुडघ्यात. आमच्या पलटणीत एकानं आभाळाकडं धरली नि स्वतःच्या उस्तादाच्या बुटात घातली." ते मुक्ताकडे बघून हसले, मग हसायचं थांबले. "ज्याच्या नावावर हत्यार, त्याला तरी ठावं पायजे ते कुटं बघतंय."

मी पिळायला लागले. दुपटी, झबली, चादरी. भाकरीचं पीठ दुप्पट वेळ मळायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "काय गं, मशीन बिघडलं का?" दुपारी दीडला मुक्ता झोपायची आणि हे क्रशरवर असायचे. हत्यार ते समारंभालाच कमरेला लावायचे, एरवी ते कपाटात. तेवढ्या पाऊण तासात मी दाराला कडी लावून, गोळ्या डब्यात आहेत हे दोनदा मोजून, पुंगळ्या घालून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेकडे नळी धरायचे. नाणं खळ्ळकन फरशीवर पडायचं. मुक्ता चुळबुळ करायची. मी उचलायचे, पुन्हा ठेवायचे.

पहिले दोन महिने चाप पूर्ण आलाच नाही. तिसऱ्या महिन्यात आला, पण नाणं दर वेळी पडायचं. मग एका दुपारी टक् असा आवाज झाला आणि मी वाट बघत राहिले. नाणं तिथंच होतं. नळीवर, जसंच्या तसं. मी पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. सहाही घरं झाली. मला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता ते आठवेना. सांगायला घरात कुणी नव्हतं. मुक्ताला उठवून पापा घेतला, ती रडायला लागली.

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्हाला माहीत आहे का, ह्याचा चाप जोरानं ओढला की नळी खाली जाते. फडतरे काका म्हणत होते."

"कोण, तो बहिरा?" ह्यांनी भाकरी मोडली. "तुला ओढायलाच येत नाही, तुला वर-खाली काय कळतंय?"

मला जमतं आता, हे तोंडाशी आलं होतं. का गिळलं कोण जाणे. वाटलं, पुढच्या खेपेला पाहुण्यांसमोर रिव्हॉल्वर हातात देतील ना, तेव्हा दाखवू. सगळ्यांसमोर. मी त्या दिवसाची मनात तयारीसुद्धा करून ठेवली होती, कुठली साडी इथपर्यंत.

तो दिवस आला नाही. आलं ते ह्यांच्या चुलतभावाचं लग्न.

लग्न आमच्याच दारात होतं. सकाळी अकराला नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघायचा होता. मी मांडवात हळदीकुंकवाची ताटं लावत होते, तेवढ्यात हे आत आले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध.

"गोळ्या दे."

"कशाला?"

"अगं, वाजत-गाजत चाललाय भाऊ. एखादी वर उडवावी लागते. सगळे वाट बघायलेत."

"अहो, माणसं आहेत. लेकरं आहेत."

"वर उडवणार आहे. आभाळाला लेकरं आहेत का?" मागे पाहुण्या बायका बघत होत्या. आवाज खाली आणून म्हणाले, "लोकांत शोभा नको करू. दे."

मी स्वयंपाकघरात गेले. स्टुलावर चढून डबा काढला. तीन दिल्या. सहा नाही, तीन. जसं काही तीनमध्ये कमी धोका होता. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डबा माझ्या हातात होता आणि तो कुठला हे फक्त मला माहीत होतं.

वीस मिनिटांनी आवाज आला. मग बँजो थांबला. बँजो असा मध्येच थांबतो तेव्हा काय होतं ते लग्नघरातल्या बाईला सांगावं लागत नाही. मी आधी मुक्ताला शोधलं. ती मांडवाच्या खांबाशी बसून अक्षता खात होती.

गोळी लागली होती इलाही मुजावरला. बँजो पार्टीचा कीबोर्डवाला, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. गाडीवर उभा राहून वाजवत होता. गोळी गुडघ्यात गेली. त्याला साताऱ्याला हलवलं, आणि आमच्या घरात दारं बंद झाली.

स्वयंपाकघरात आत्याबाई होत्या, फोनच्या स्पीकरवर वकील होते, फेटा सुटलेले हे होते. मी मुक्ताला पाजत बसले होते.

"अर्ध्यात अडकला चाप," हे सांगत होते. चेहरा राखेसारखा. "पोरं हसायला लागली. म्हणाली, धैर्यादादा, वहिनींसारखंच झालं की! मग मी जोर लावला. वरच धरली होती, आईशप्पथ. वरच होती."

मला ती नळी डोळ्यांसमोर दिसत होती, मान घालताना.

फोनमधून वकील म्हणाले, "बघा, धैर्यशीलराव, तुमच्यावर आधीची केस आहे. आता हे म्हटल्यावर तुम्ही बाहेर राहत नाही. वहिनींचं हत्यार, वहिनींचं लायसन्स. पर्समध्ये होतं, कारण दागिने होते. पर्स उघडताना चुकून सुटली. निष्काळजीपणा, बास. बाईमाणूस, शिकलेली, पदरात लेकरू. आठ-दहा दिवसांत जामीन."

"आणि बघणारे?" मी विचारलं.

"सगळे घरचेच हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "बँजोवाल्यांनी काय बघितलं? फेटेवाले पन्नास व्हते."

"मी शिक्षकभरतीची परीक्षा पास झालेय, आत्याबाई. गुन्हा नोंदला की ते गेलं."

"तू नोकरी नाही केलीस तर चूल थांबायची न्हाई. हा आत गेला तर क्रशर थांबतोय." मग त्या माझ्याजवळ बसल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "पोरगी मी सांभाळीन. काय काळजी करू नको."

मुक्ता दूध पिता पिता झोपली होती. दहा दिवस. मी मनात मोजलं. दहा दिवसांत माझं दूध आटेल. त्याहून पुढचा विचार मी केला नाही. "बरं," म्हटलं. त्यांनी मला दोनदा पाठ म्हणून घेतलं. पर्स कुठल्या खांद्यावर, चेन कुठल्या हातानं उघडली.

पोलीस ठाण्यात हे माझ्याबरोबर आले होते. तिथं सुरवसे मॅडम होत्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, समोर गार झालेला चहा. मी पर्समधून रिव्हॉल्वर काढून टेबलावर ठेवलं आणि पाठ केलेलं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर घरं उघडली, दोन गोळ्या आणि एक जळकी पुंगळी बाहेर काढली.

"पर्स उघडताना सुटली."

"हो."

"एवढ्या सहज?"

मी मान हलवली. दाराशी लोखंडे हवालदार उभे होते. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, ते सुट्टीवरून तासाभरापूर्वीच आले होते. ते हसून म्हणाले, "मॅडम, ह्यांच्याच्यानं कुठं सुटतीय? ह्यांना चाप ओढत नाही. जावळाला आम्हाला दाखवलंय की साहेबांनी. सगळी पंगत हसली होती."

मॅडमनी हातातल्या गोळ्या बाजूला ठेवल्या.

"असं?" मॅडम ह्यांच्याकडे वळल्या.

"येतं, येतं," हे घाईनं म्हणाले. "तेव्हा येत नव्हतं. आता येतं तिला. चांगलं येतं."

चार वर्षांच्या संसारात मला काही चांगलं येतं असं हे पहिल्यांदा म्हणत होते. आणि ते खरं आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमनी रिकामं रिव्हॉल्वर माझ्याकडे सरकवलं. पुराव्याचं हत्यार असं कुणाच्या हाती द्यायचं नसतं, हे मला पुढे कोर्टात कळलं. ह्यांच्या वकिलानं त्यावरून फार आरडाओरडा केला. त्या दिवशी मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "भिंतीकडे धरा. आणि ओढा."

मी उचललं. वजन हाताला ओळखीचं होतं. समोरच्या भिंतीवरही एक कॅलेंडर होतं. बोट आपोआप पहिल्या पेराच्या घडीत बसलं. तिथं एक घट्टा पडला होता, छोटासा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. एकसारखं दाबलं असतं तर टक् झालं असतं, आणि नळीवरचं नाणंसुद्धा पडलं नसतं.

मी बोट सरकवून टोकावर आणलं.

ओढलं. अर्ध्यापर्यंत आला. तिथं मी थांबले. जावळाच्या दिवशी थरथरला होता तसाच हात थरथरवला. त्यासाठी फार सोंग करावं लागलं नाही.

"जोर लाव की," हे म्हणाले.

मी दुसरं बोट लावलं.

"अगं, जोर लाव! काय करतीस?"

"नाही ओढत हो," मी म्हणाले.

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटतं, त्या क्षणी ते ठाणं विसरले, मॅडम विसरल्या, गुडघा विसरले. समोर एक बाई होती आणि तिला साधी गोष्ट जमत नव्हती. त्यांनी माझ्या हातातून रिव्हॉल्वर हिसकावलं.

"अशी नाही! हे बघ, अशी ओढायची! अशी!"

टक्.

हात खांद्याच्या वर होता. नळी आभाळाकडे निघाली होती. चाप मागे आला तशी ती खाली आली आणि टेबलाच्या पायाकडे बघत थांबली.

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. टेबलाच्या पायाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "ठेवा खाली," म्हणाल्या. "गुडघ्याला कशी लागली ते कळलं." मग माझा उजवा हात त्यांनी हातात घेतला, तळवा वर करून. पेरावरून अंगठा फिरवला, एकदा. घट्ट्यावर थांबला का? मला अजून सांगता येत नाही. "घरी जा. लेकरू वाट बघत असेल," म्हणाल्या. "उद्या या. दुसऱ्याच्या हाती हत्यार दिल्याचं तुमच्यावरही येणार आहे."

आलं. लायसन्स गेलं, शिक्षकभरतीही गेली. तारखांना मीही उभी राहिले, हे एका बाजूला, मी दुसऱ्या. इलाही मुजावरचा पाय कापावा लागला नाही, पण गुडघा वाकत नाही. आता तो बसून वाजवतो. बाजारात एकदा समोर आला तेव्हा त्यानं मला सलाम केला आणि मी केळी न घेताच वळले. ज्याला तीन गोळ्यांचं माहीत नाही तो सलाम करणारच.

हे अडीच वर्षांनी घरी आले. मी माहेरी जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं. माहेरी भाऊ होता, वहिनी होती, दोन खोल्या होत्या. मी राहिले. ह्यांनी मला हातसुद्धा लावला नाही, ना रागानं ना दुसऱ्या कशानं. फक्त बघतात. क्रशर विकला. दिवसभर खुर्चीत बसून असतात आणि माझ्या हातांकडे बघतात.

म्हणून हे घरी आल्यापासून मी जपून वागते. बरणीचं झाकण मी उघडत नाही. चादरी मशीनला टाकते. भरलेली बादली दोन हातांनी, मध्ये टेकवत नेते. सिलिंडर आला की शेजारच्या भावजींना हाक मारते.

गेल्या महिन्यात कुरडया घातल्या. सोऱ्यात गरम चीक भरला आणि नेहमीसारखी मी बाजूला झाले, कारण सोऱ्या दाबायला जोर लागतो. आत्याबाईंना आता होत नाही. मुक्ता पुढे आली. दहा वर्षांची, माझ्यासारखीच हाडकुळी. ओठ दाताखाली धरून तिनं दाबायला सुरुवात केली. झटके देत होती, तार तुटत होती.

"ओढाताण करू नको," माझ्या तोंडून गेलं. "एकसारखं दाब. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मध्ये थांबू नको."

तार अखंड उतरायला लागली. प्लास्टिकच्या कागदावर एक गोल, मग दुसरा.

"जमलं!" मुक्ता ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुला एवढं नीट सांगता येतं, मग करता का नाही येत?"

खुर्चीतला पेपर खाली आला. हे माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे नाही, उजव्या हाताकडे.

मी हात पदराला पुसला.

"नाही गं," म्हटलं, "माझ्या हातात जोरच नाही."

मुक्तानं दुसरा घाणा भरला. पेपर पुन्हा वर गेला नाही.